संगणकांच्या जाळ्याची बाराखडी

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यांत झरी जामणी हा तालुका आहे. त्याच्या दक्षिणेकडे पैनगंगा ओलांडली कीं तेलंगणाची हद्द लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सातबाराचा उतारा हीं सारीं कामें हल्लीं संगणकावरून होतात. त्यामुळें ‘नेट बंद आहे’ हें वाक्य अर्जाच्या शेवटच्या दिवशीं कानीं पडलें, तर विद्यार्थ्याचें वर्ष धोक्यांत येतें. पण बिघाड कोठें आहे, हें या तीन शब्दांनीं कळत नाहीं. तें कळण्यासाठीं जाळ्याच्या परिभाषेंतील कांहीं शब्द नवशिक्यानें नीट समजून घेतले पाहिजेत.

शाळेच्या खोलींतील संगणक तारेनें अथवा वायफायनें परस्परांस जोडले कीं एक लहान जाळें होतें. त्याला लॅन, म्हणजे स्थानिक जाळें म्हणतात. त्यांत ज्याचा निरोप त्यालाच पोंचविण्याचें काम स्विच नांवाची पेटी करते. निरोप दुसऱ्या जाळ्यांत न्यावयाचा असेल तर राउटर लागतो. स्विच हा घरांतला निरोप्या, तर राउटर हा चव्हाट्यावरचा वाटाड्या होय. अशीं असंख्य जाळीं एकमेकांस जोडून जें महाजाल झालें, तेंच इंटरनेट.

निरोप सबंध जात नाहीं. त्याचे तुकडे होतात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. हे तुकडे निरनिराळ्या वाटांनीं जाऊं शकतात. पोंचल्यावर ते क्रमानें जुळविले जातात, आणि गहाळ झालेला तुकडा पुन्हा पाठविला जातो. हा व्यवहार ज्या ठरलेल्या नियमांनीं चालतो, त्यांस प्रोटोकॉल म्हणतात. झरी जामणीच्या परिसरांत मराठी, कोलामी, गोंडी व तेलुगू या भाषा कानीं पडतात. बाजारांत सौदा व्हावयाचा तर दोघांना कळेल अशी एक बोली धरावीच लागते. संगणकांची तशी बोली टीसीपी-आयपी ही होय. व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं तिचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील आर्पानेटनें ती स्वीकारली.

जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा असल्यानें एकूण सुमारें ४२९ कोटी पत्ते होतात. ते अपुरे पडूं लागल्यामुळें १२८ बिटांची नवी पद्धति निघाली. माणसाच्या स्मरणांत मात्र आंकड्यांपेक्षां नांवें अधिक राहतात. नांव सांगितलें असतां आंकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेस डीएनएस म्हणतात.

आणखी दोन शब्दांची नेहमीं गल्लत होते. एका सेकंदांत किती मजकूर वाहून नेतां येईल, तें माप म्हणजे बँडविड्थ. पॅकेट पोंचण्यास लागणारा विलंब म्हणजे लेटन्सी. रस्ता रुंद केल्यानें गाड्या अधिक जातात, पण त्यामुळें झरीपासून यवतमाळ जवळ येत नाहीं.

शेवटचा शब्द टोपोलॉजी, म्हणजे जाळ्याची मांडणी. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंच्या तारा नेण्याची योजना केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर केली. तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. आरंभींची मांडणी सरळ ओळीची होती. अशा मांडणींत रस्ता खणतांना एके ठिकाणीं तार तुटली, तर पलीकडचीं सारीं गांवें जगापासून तुटतात. ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमांत वलयाची, म्हणजे रिंगची, मांडणी ठरविण्यांत आली. वलय एके ठिकाणीं तुटलें तरी निरोप उलट्या बाजूनें फिरून जातो. राजधानीपेक्षां आडवळणाच्या गांवास या फरकाचें मोल अधिक आहे.

एवढी परिभाषा अवगत झाली म्हणजे विद्यार्थी बिघाडाचा माग काढूं शकतो. शेजारच्या संगणकाशीं संबंध जुळत नसेल तर दोष प्रथम लॅनमध्यें शोधावा. आंकडी पत्ता चालतो पण नांव चालत नाहीं, तर डीएनएसकडे पाहावें. राउटरपर्यंत सारें ठीक आहे आणि पुढें कांहींच जात नाहीं, तर दोष बहुधा बाहेरच्या तारेंत असतो. तक्रार अशी नेमकी गेली म्हणजे दुरुस्त करणाराही नेमक्या जागीं जातो, आणि दूरच्या गांवांतील मुलाचा अर्ज वेळेवर पोंचण्याची आशा राहते.