चेनचं ऑइल नेमकं जातं कुठे?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'वंगण' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो हॉस्टेलसमोरच्या गॅरेजवाल्या काकांच्या तोंडून. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

विषय साधाच आहे, मोटारसायकलच्या चेनला कोणतं ऑइल घालायचं आणि कसं. पण लिहायला कारण घडलं. गेल्या पावसाळ्यात माझ्या रूम पार्टनरचं डाव्या हाताचं पहिलं बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडलं. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला आणि त्याच्या हातात फडकं. चाक आपोआप फिरतं, चेन दोन मिनिटांत पुसून होते. ही आयडिया त्याची नव्हती, माझी होती. मी पायरीवर चहा पीत बसून त्याला सूचना देत होतो. फडकं ओढलं गेलं आणि त्याच्यामागे बोट. वरच्या पेराचा तुकडा डॉक्टरांना वाचवता आला नाही. तो गॅदरिंगला तबला वाजवायचा. या वर्षी वाजवला नाही. रेक्टर सरांनी मला एवढंच विचारलं, "अरे, तुम्ही मेकॅनिकलचे ना?"

त्यानंतर मी चेन म्हणजे काय ते नीट वाचलं, काकांकडे जाऊन एक जुनी चेन फोडूनही बघितली. आपण सगळे चेनला ऑइल घालतो म्हणजे तिला बाहेरून काळी चकचकीत करतो. झिजते मात्र ती आतून. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं, आणि आपल्या गाडीला आजही त्याच बांधणीची चेन असते. बाहेरच्या दोन पट्ट्यांत पिन घट्ट बसवलेली. आतल्या दोन पट्ट्यांत बुश, म्हणजे एक छोटी पोकळ नळी. पिन त्या बुशच्या आत हलते आणि बुशवरून रोलर फिरतो. कडी स्प्रॉकेटवर चढली की पिन बुशमध्ये वळते, उतरली की सरळ होते. पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं असेल तर दर वेळी जवळजवळ २६ अंश. ६० च्या स्पीडला साध्या १०० सीसी गाडीची चेन सेकंदाला साधारण तीन फेऱ्या मारते. मग त्या पिनचे हाल काय होत असतील बघा.

"चेन ताणली गेली" असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश झिजतात. दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलीमीटर. प्रत्येक जॉइंट फक्त ०.१ मिलीमीटर झिजला तरी शंभरावर कड्यांची मिळून चेन एक सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब होते. मग ती दातांवर नीट बसत नाही आणि दात खाते.

म्हणजे ऑइल पिन आणि बुशच्या मध्ये पोचलं पाहिजे. ग्रीस तिथे जातच नाही. ते बाहेर बसून धूळ गोळा करतं आणि त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. गॅरेजमधलं जळकं ऑइल आत जातं खरं, पण काजळी आणि धातूचा चुरा सोबत घेऊन. फुकट मिळतं म्हणून मी दोन वर्षं तेच घालत होतो! गंज सोडवायचा पातळ स्प्रे साफ करायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाही.

पिन पूर्ण गोल फिरत नाही, नुसती झुलते. त्यामुळे बेअरिंगमध्ये तयार होते तशी ऑइलची फिल्म इथे धरत नाही आणि धातू धातूला लागतो. गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं असतात, ती दाबाखाली धातूवर पातळ थर धरतात. म्हणून साध्या चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल माझ्या मते सगळ्यात बरं. आत झिरपतं आणि टिकतंही. चेन स्प्रे पण चांगला, फक्त महाग. तिघांनी मिळून घ्या.

वरून बघितल्यावर पट्ट्यांच्या मध्ये काळी रबरी रिंग दिसली तर ती ओ-रिंग चेन. तिच्या आतलं ग्रीस कंपनीतच भरून सील केलेलं असतं. आपलं ऑइल फक्त रोलरसाठी, गंजासाठी आणि रबर सुकू नये म्हणून. या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश अजिबात लावू नका, रिंग गेली की आतलं ग्रीस गेलं.

आता कृती. इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हातानेच फिरवायचं, आणि फिरत असताना बोटं चेनपाशी न्यायची नाहीत. थोडं फिरवा, थांबवा, तेवढा भाग पुसा. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते तेव्हा रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासा, कोरडी करा. मग खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे चाकाकडे बघणाऱ्या बाजूने, पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडा. चेन फिरताना ऑइल बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून घातलं की ते जॉइंटमधून जातं. रात्री घाला आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. उरलेलं ऑइल मागच्या टायरवर उडतं, आणि ओल्या वळणावर त्याचा अर्थ काय ते सांगायला नको. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, पावसात त्याच्या आधी. ढिलाई किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, ते बघा. मित्राला विचारू नका, विशेषतः मला.

हे सगळं पार्टनरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, चहाचं पण लिही. मी म्हटलं, लिहिलंय.

गिअर ऑइलची बाटली आमच्या खोलीत दाराच्या मागे आहे. खुशाल घेऊन जा, पण ब्रश परत आणून ठेवा. आधीचे दोन अजून आलेले नाहीत.