वरचा सा कुणाला?

8 फेब्रुवारी 2009 च्या रविवारी झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी झाली. मंचावर पाच मुलं होती आणि त्यांत खान्देशचं एकही नव्हतं. कार्तिकी गायकवाड आळंदीची, आर्या आंबेकर पुण्याची, प्रथमेश लघाटे रत्नागिरीकडचा, मुग्धा वैशंपायन अलिबागची, रोहित राऊत लातूरचा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे कोरडे. ज्या गावचा गायक, त्या गावाला मत ठरवायला विचार करावा लागत नाही. साक्रीला ती सोय नव्हती. त्यामुळे आमच्या घरात जे पक्ष पडले ते निव्वळ कानावरून पडले. इतकी वर्षं झाली, तरी दिवाळीला सगळे जमले की तो वाद अजून निघतो.

साक्री म्हणजे धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गावरचं, कान नदीकाठचं तालुक्याचं गाव. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. तालुक्यातच ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या गरगरा फिरत होत्या आणि आमच्या गल्लीत ऐन गाण्याच्या वेळी अंधार व्हायचा. मग शेजारी ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, त्यांच्या ओट्यापासून ओसरीपर्यंत माणसं. तिथे मतं अधिकच मोठ्यानं मांडली जायची, कारण ऐकणारे जास्त.

कार्यक्रमात गुणसुद्धा स्वरांतच मिळायचे. ‘नि’ मिळाला म्हणजे छानच गायलं, आणि ‘वरचा सा’ म्हणजे त्याहून वर काही नाही. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, सूत्रसंचालन पल्लवी जोशींचं. प्रथमेश ‘मोदक’, मुग्धा ‘मॉनिटर’, रोहित ‘रॉकस्टार’ ही नावं मंचावरची, पण ती घराघरांत अशी रुजली की आमच्या वर्गातला खरा मॉनिटर उगाच भाव खाऊ लागला.

आमच्या आजीनं कधी पेटीला हात लावलेला नाही. तिचा कान घडला तो कानबाईच्या रात्रींत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. भाऊबंदकी एकत्र येते, रोट होतात, नारळाला नथ-डोळे लावून देवी सजते आणि बाया रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात. तिथे आवाज बारीक काढून चालतच नाही. दहा-बारा जणींच्या गळ्यातून आपलं गाणं उठून दिसायचं तर ते छातीतून यावं लागतं. कार्तिकीनं पहिल्यांदा गवळण म्हटली तशी आजी भाजी निवडता निवडता थांबली. “हाई पोरना आवाज घरमा मावत नही,” एवढंच बोलली. त्या दिवसापासून तिचा पक्ष ठरला. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार, घर वारकरी वळणाचं; हे आजीला कुणीतरी नंतर सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही.

आत्याचा पक्ष आर्याचा. आत्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत ‘मध्यमा’पर्यंत पोचलेली, आणि अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणाचा तोरा पुऱ्या शिकलेल्यापेक्षा जास्त असतो. आर्यानं मींड घेतली की ती आमच्याकडे अशी बघायची की जणू ती तिनंच शिकवली. “तुम्हाला नुसता जोर कळतो. सूर लागतो कुठे आणि सुटतो कुठे, ते ऐका.” आबा निवृत्त शिक्षक, रेडिओवर नाट्यगीतं ऐकत वाढलेले. ते प्रथमेशकडे झुकले. या दोघांचा तसा एकच गट व्हायला हवा होता. पण आबांच्या मते आर्या ‘फार बिनचूक’ होती, आणि हा दोष कसा असू शकतो, यावरून बापलेकीत तीन-तीन दिवस अबोला चालायचा. आम्ही पोरं रोहितची. त्याचं कारण सांगायची गरज नाही. तो उड्या मारायचा. धाकट्या बहिणीला मुग्धा हवी होती, कारण ती तिच्याएवढीच होती.

या सगळ्यांत शहाणं मत काकांचं होतं, आणि ते कुणी विचारात घेतलं नाही. काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. खान्देशात बँडशिवाय वरात ही कल्पनाच कुणाला झेपत नाही. भर उन्हात चालत, घामानं ओठ निसटत असताना, समोरच्या फर्माइशीप्रमाणे पट्टी बदलत वाजवणं हे सोपं काम नाही. काका मुलांकडे बघायचेच नाहीत. ते वादकांकडे बघायचे. संगीत संयोजक कमलेश भडकमकर, बासरीवर अमर ओक, तबल्यावर आर्चिस लेले, ढोलकी आणि तालवाद्यांवर नीलेश परब. “पोरगी ताल सोडून चालली होती, बघितलं का? त्यानं ढोलकी कशी अल्लाद सरकवली. तुम्हाला वाटलं ती समेवर आली. तिला आणली.” आम्ही तेव्हा हसलो. आज ते भाग पुन्हा पाहताना मला काकांचंच पटतं. दूरचित्रवाणीच्या इतर स्पर्धांत ठोकळेबाज साथ ऐकून ऐकून कान विटले होते. या कार्यक्रमानं मूळ गाण्यातले वाद्यांचे तुकडे जसेच्या तसे, समोर बसून वाजवणारे लोक घराघरांत आणले. बासरीवाल्याचं नाव आमच्या गल्लीतल्या लोकांना माहीत झालं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता मतांचा दुसरा अर्थ: एसएमएस. गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी फोनवरून कौल द्यायचा, ही सवय देशाला 2004-05 च्या ‘इंडियन आयडॉल’नं लावली. 5 मार्च 2005 ला मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला आणि गाणं हा निवडणुकीसारखा प्रकार झाला. त्याआधी 1995 पासून चाललेल्या हिंदी ‘सा रे ग म’मध्ये जाणकार परीक्षक निकाल द्यायचे, प्रेक्षकांनी फक्त हळहळायचं. मराठी कार्यक्रमानं दोन्ही ठेवलं, परीक्षकांचे स्वर आणि लोकांचे एसएमएस. हे संदेश नेहमीच्या दरात जात नसत, पॅकमध्येही बसत नसत. साधारण किती पैसे, याचा अंदाज ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रकरणावरून येतो. तिथे प्रेक्षकांसाठीच्या प्रश्नाचं उत्तर पाठवायला एका संदेशाला 2 रुपये 40 पैसे पडत. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं त्यावरून वाहिनी आणि मोबाइल कंपनीला 1 कोटीचा दंड केला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. आमच्या घरात मोबाइल एकच, आबांचा. त्यात शिल्लक किती, यावर लोकशाही अवलंबून. आबा झोपले की आत्या आर्याला मत द्यायची आणि सकाळी शिल्लक बघून आबा कोणाला काही न विचारता तिच्याकडे बघायचे.

आजीला ही मतांची भानगडच मान्य नव्हती. “गानामा कसानी शर्यत?” असं ती विचारायची. मला हा भाबडेपणा वाटत नाही. तिच्या आयुष्यातलं सगळं गाणं कामाबरोबरचं किंवा देवापुढचं होतं. कानबाईच्या रात्री कुणी चांगलं म्हणतं, कुणी वाईट, आणि ते सगळ्यांना कळतं. पण कुणाला घरी पाठवत नाहीत. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, कोकणा लोकांच्या वस्त्यांत मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. रात्र-रात्र पावरी वाजते. तिथेही वाजवणारा चांगला की नाही, हे नाचणाऱ्यांचे पाय सांगतात. गुण लिहायला कुणी बसत नाही. तरी आजी कार्तिकीच्या दिवशी पुढे सरकून बसायची आणि तिला कमी मिळालं की परीक्षकांचा उद्धार करायची, हेही खरं.

एका बाबतीत मात्र आख्खं घर तिच्या बाजूचं होतं. मुलं रडली की कॅमेरा जवळ जायचा, ते कुणालाच आवडायचं नाही. 2008 मध्येच बंगाली वाहिनीवरच्या एका स्पर्धेत परीक्षकांच्या बोलण्यानंतर एका शाळकरी मुलीची तब्येत ढासळल्याची बातमी देशभर गाजली होती. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं अशा कार्यक्रमांत काम करणाऱ्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. लिटिल चॅम्प्समध्ये परीक्षकांची भाषा त्यामानानं मायेची होती. पण दहा-बारा वर्षांच्या पोरांना रात्रीच्या चित्रीकरणात बसवणं, शाळा बुडवणं हे चालूच असणार, असं आबा म्हणायचे. शिक्षकच ते; त्यांना आधी हजेरीपट आठवायचा.

निकाल लागला. कार्तिकी जिंकली. आजीनं देवापुढे साखर ठेवली, आणि आत्यानं तो प्रश्न विचारला जो त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत विचारला गेला असेल: “आर्याचं काय चुकलं?” उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण काही चुकलंच नव्हतं. रांगड्या, खुल्या गळ्याचा श्रोतृवृंद मोठा होता. त्यात आजीसारख्या, मत कसं पाठवतात हे ठाऊक नसलेल्या आणि नातवंडांकडून मत पाठवून घेणाऱ्या कितीतरी बाया असतील, असा माझा कयास. आजीचं मत मीच पाठवलं होतं. रोहितला पाठवतो असं मित्रांना सांगून.

पाचही जणांचं बरं झालं. रोहित पुढे हिंदी ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत गेला. 2021 मध्ये लिटिल चॅम्प्स पुन्हा आलं, तेव्हा हे पाचही परीक्षकांच्या जागी बसले. 2023 च्या डिसेंबरात प्रथमेश आणि मुग्धाचं लग्न झालं. आबांना हे कळल्यावर ते म्हणाले, “म्हणजे दोन पक्षांची युती झाली.” दरम्यान ‘सूर नवा ध्यास नवा’ आलं, अजय-अतुल परीक्षक असलेलं मराठी ‘इंडियन आयडॉल’ आलं. पण तोवर घरात प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि जो तो आपल्याला आवडलेला तुकडा तेवढा बघत होता. त्याच फोनवर अहिराणी गाण्यांनी कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. ‘हाई झुमका वाली पोर’ पार मुंबई-पुण्याच्या वराती गाजवून आलं, आणि त्याला कुणी ‘नि’ दिला नव्हता की ‘सा’.

यंदा चुलतभावाच्या मुलीला एका स्पर्धेच्या निवड चाचणीला जायचं आहे. अशा पहिल्या चाळणीला बहुधा साथ नसते. ना तबला, ना पेटी. उभं राहायचं, आपली पट्टी आपण धरायची आणि मिनिट-दोन मिनिटांत धृपद-अंतरा उरकायचा. सूर सरकला तर सावरून घ्यायला ढोलकीवाला नाही. म्हणून काका रोज संध्याकाळी क्लॅरिनेटवर तिला काळी पाचचा सा देतात, मग क्लॅरिनेट बंद करून तिला गायला लावतात, आणि शेवटी पुन्हा सा वाजवून ती किती घसरली ते दाखवतात. आत्याचं म्हणणं, भावगीत म्हण. आबांचं म्हणणं, आधी दहावीची परीक्षा. आजी तिला कानबाईचं गाणं शिकवते आहे, आणि काकांच्या मते ते काळी पाचमध्ये बसत नाही, पट्टी उतरवावी लागेल. आजीच्या मते पट्टी तिथेच राहू दे, पोरीनं तोंड उघडावं.