वडिलांची सायकल बंद करण्यापूर्वी

काही महिन्यांपूर्वी एक चिरंजीव वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडिलांचे वय 68. पुण्यातील एका पेढीवर ते आजही हिशेब लिहितात आणि जुन्या काळ्या सायकलवरूनच कामावर जातात. आठवड्यापूर्वी टांग मारून चढताना ते पडले. गुडघा खरचटण्यावर निभावले. “डॉक्टर, सायकल बंद करा, असे तुम्हीच सांगा,” चिरंजीव म्हणाले. वडील खाली मान घालून बसून होते.

त्यांचे मौन मला कळत होते, कारण मीही दवाखान्यात सायकलनेच जातो. वर्षानुवर्षांच्या सायकलचा आवाज ओळखीचा असतो. चेन कोरडी पडली की कानाला आधी कळते. सकाळचा गार वारा, बेकरीच्या दारातला पावाचा वास, चढ आला की उतरून निवांत चालणे आणि कोणावरही अवलंबून न राहता वेळेवर पोहोचणे, हे सुख लहान नव्हे.

प्रकृतीचाही त्यात लाभ आहे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांसाठी आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. जाताना 15 आणि येताना 15 मिनिटे, असे पाच दिवस केले की तेवढा हिशेब पुरा होतो. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढीच गती ठेवावी. शरीराचा बराच भार सीटवर असल्याने गुडघ्यांनाही त्रास कमी होतो.

मग ते पडले कशाने? मी त्यांचा रक्तदाब आडवे झोपवून आणि नंतर उभे करून मोजला. उभे राहताच वरचा आकडा 20 हून अधिक उतरला. प्रोस्टेटसाठी नुकतीच सुरू झालेली गोळी ते सकाळी, निघण्यापूर्वी घेत होते. दोष सायकलचा नव्हता. मी गोळीची वेळ रात्रीची केली आणि रात्री उठताना आधी क्षणभर पलंगाच्या कडेला बसण्यास सांगितले. आपण मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळीची वेळ बदलू नये.

आपल्या घरीही अशी सायकल असेल, तर सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील. टांग मारणे सोडून, सायकल आपल्याकडे झुकवून पाय पलीकडे न्यावा. ब्रेकची रबरे झिजू देऊ नका. पावसात आणि गर्दीच्या वेळी सायकल घरीच ठेवा. हेल्मेट अवश्य घाला. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्वरित रुग्णालय गाठावे.

वारंवार चक्कर, श्रमाने छातीत दुखणे, फिट येणे, दृष्टी मंदावणे किंवा मागे वळून पाहताना तोल जाणे, यांपैकी काहीही असेल तर सायकल थांबवून आधी तपासणी करावी. काही रुग्णांना मी ‘आता नको’ असेही सांगितले आहे, आणि ते सांगणे मला जड गेले आहे.

या गृहस्थांचा उभ्याने मोजलेला रक्तदाब पंधरा दिवसांनी ठीक आला. सीट चिरंजीवांनी स्वतः खाली करून दिली. आपणही कुलूप लावण्यापूर्वी तपासणी करून घ्या, आणि निर्णय घेताना वडिलांना समोर बसवून त्यांचेही म्हणणे ऐका.