शेड उभी राहिली, आता आतलं काम

नव्या शेडवर पत्रा चढला की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि फॅब्रिकेटर उरलेला हिशेब करून पुढच्या कामाला निघतो. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या पट्ट्यात घराच्या परसात अशी शेड असणं नवलाचं नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस जुना लेथ विकत घेऊन घरी आणतो, कुणी वेल्डिंगचं काम सुरू करतो, कुणाच्या मुलाला सुतारकामाचा नाद असतो. वीस बाय तीस फुटांचा सांगाडा बघता बघता उभा राहतो आणि घरचे त्याला लगेच वर्कशॉप म्हणू लागतात. माझ्या मते तोवर ते नुसतं छप्पर असतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथे उभं राहून माणसाला शांत डोक्याने माप घेता आलं पाहिजे आणि पावसाळाभर तिथे ठेवलेल्या हत्याराला गंज चढता कामा नये. तेव्हा ते वर्कशॉप. या दोन गोष्टी पत्र्याने होत नाहीत, पत्र्याच्या आतल्या कामाने होतात.

आधी उन्हाचं बघू. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो नेमका मे महिन्यात. शून्य सावलीचा दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या सुमारास. आकाश निरभ्र, पाऊस लांब आणि ऊन सरळ छपरावर. अशा भर दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊर्जा पडत असते. वीस बाय तीसचं छप्पर म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. गडद निळा किंवा विटकरी पत्रा यातली बहुतेक उष्णता पिऊन टाकतो आणि ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. पत्र्याची जाडी असते अर्धा मिलिमीटर आणि पोलादातून उष्णता सरसर धावते, त्यामुळे वरची बाजू जितकी तापते तितकीच खालचीही तापते. ढोबळ हिशेब मांडला तर अशा उघड्या छपरातून आठ-नऊ किलोवॉट उष्णता खाली उतरते. एक-एक किलोवॉटचे आठ-नऊ हीटर मे महिन्यात छताला उलटे टांगून ठेवावेत, तशातला हा प्रकार. त्याच पत्र्याखाली ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) नीट बसवलं तर हा आकडा एक किलोवॉटच्या आसपास येतो.

यातली बरीचशी उष्णता हवेतून येत नाही, तापलेल्या पत्र्यातून सरळ अंगावर फेकली जाते. म्हणून पंखा कितीही जोरात फिरवला तरी अशा शेडमध्ये टाळू तापलेलीच राहते. माणसाचं जे होतं तेच कामाचंही होतं. मापं २० अंश तापमानाला धरायची असा जगभरचा संकेत आहे. ३०० मिलिमीटर लांबीचा पोलादी शाफ्ट १५ अंशांनी तापला की पाच शतांश मिलिमीटरहून थोडा जास्तच वाढतो, ॲल्युमिनियमचा असेल तर जवळजवळ दुप्पट. सकाळी बसलेलं बेअरिंग दुपारी का बसत नाही, याचं उत्तर पुष्कळदा डोक्यावरच्या पत्र्यात असतं.

आपल्या जुन्या बांधकामाला हे पक्कं ठाऊक होतं. सोलापूर, मराठवाड्याकडच्या माळवदावर लाकडी पाटणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. त्या मातीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. कोकणातल्या कौलारू घरात कौल आणि माणूस यांच्यामध्ये माळा असायचा. पत्रा आला आणि हा मधला थर गेला. इन्सुलेशन म्हणजे तो मधला थर परत आणणं, इतकंच.

सगळ्यात स्वस्त उपाय रंगाचा. पत्रा घ्यायचा बाकी असेल तर पांढरा किंवा ऑफ-व्हाइट घ्यावा. गडद रंगाच्या मानाने किमतीत फारसा फरक पडत नाही, छपराच्या तापमानात मात्र मोठा पडतो. कोरा चकचकीत पत्रा ऊन परतवत असेल अशी समजूत आहे. तो थोडं ऊन परतवतोही, पण घेतलेली उष्णता बाहेर टाकायला तो फार कंजूस असतो, म्हणून हात लावला तर चटका बसतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं, त्याचा आधार हाच. एक सावधगिरी मात्र हवी. सिमेंटच्या पत्र्यावर मारतात तसा चुना गॅल्व्हल्यूमच्या पत्र्यावर मारू नये. त्या पत्र्याच्या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि ओला चुना ॲल्युमिनियमला खातो. छपरासाठी मिळणारा परावर्तक रंगच वापरावा.

त्यानंतर येतो बाजारात सगळ्यात जास्त खपणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा बसवला जाणारा माल, म्हणजे बबल फॉइल. बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकला ॲल्युमिनियमची चकाकी चिकटवलेली असते. त्याची करामत जाडीत नाही, चकाकीत आहे. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फेकतच नाही म्हटलं तरी चालेल. पण त्यासाठी त्याच्या निदान एका बाजूला मोकळी हवा लागते. फॉइल पत्र्याला चिकटवून खालून लगेच प्लायवूड ठोकलं की दोन थरांत दाबलेला तो नुसता धातूचा पापुद्रा उरतो आणि पैसे वाया जातात. इंचभर पोकळी सोडावी, चकचकीत बाजू खाली ठेवावी म्हणजे धूळ बसत नाही, आणि उजेडासाठी म्हणून तिच्यावर पांढरा रंग मुळीच मारू नये. पत्र्याखाली तळहात वर करून धरा, मग फॉइल लावलेल्या भागाखाली धरा. तळव्याला फरक लगेच कळतो.

इथवर उन्हाचं झालं. लोक इथेच थांबतात आणि डिसेंबरात फसतात. उसाच्या पाटपाण्याच्या भागात थंडीच्या रात्री हवेत दमटपणा असतो आणि आकाश स्वच्छ असतं. पत्रा आपली उष्णता वर आकाशात फेकत राहतो आणि हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. मग त्याच्या खालच्या अंगाला घाम सुटतो. पहाटे शेडमध्ये टॉर्च मारून वर पाहिलं तर पन्हळीच्या प्रत्येक खोलगट रेषेत थेंब ओळीने लोंबताना दिसतात. आत आलेल्या स्क्रूच्या टोकावर एकेक थेंब फुगत जातो, लेथच्या बेडवर पडतो आणि दोन दिवसांत तिथे तांबूस टिकली उमटते. मालक छप्पर गळतंय म्हणून सिलिकॉन आणतो. गळत काहीच नसतं. नव्या शेडमध्ये हे जास्त होतं, कारण नुकताच ओतलेला कोबा कित्येक आठवडे पाणी सोडत असतो आणि ती वाफ वर जाऊन पत्र्यालाच भेटते. म्हणून कोब्याखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरायला विसरू नये, आणि कोबा वाळेपर्यंत दारं-खिडक्या दिवसा उघड्या ठेवाव्यात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. ऊन आणि दमटपणा हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि एकावरचं औषध दुसऱ्याला बाधू शकतं. उघडं ग्लासवूल किंवा रॉकवूल छताखाली भरलं तर ऊन अडतं, पण आतली दमट हवा त्या लोकरीतून आरपार वर जाते, थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि लोकर भिजते. भिजलेली लोकर जड होऊन लोंबते आणि उष्णताही अडवत नाही. म्हणून फॉइल लावलेलंच वूल घ्यावं, फॉइल खोलीच्या बाजूला ठेवावं आणि प्रत्येक सांधा ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करावा. टेपचा खर्च किरकोळ असतो, पण मजूर कंटाळून तो टप्पा गाळतात. त्या दिवशी मालकाने तिथे हजर असावं.

थर्माकोल स्वस्त आणि हलका म्हणून पुष्कळ जण तो सुचवतात. जिथे वेल्डिंग होणार, ग्राइंडर चालणार, तिथे मी तो कधीही लावू देणार नाही. ७५-८० अंशांच्या पुढे तो आकसायला लागतो, तापलेला पत्रा त्याच्या जवळपास पोचतो, आणि ठिणगी पडली तर तो वितळून पेटते थेंब खाली गळतात. शिवाय वायरच्या पीव्हीसीला थर्माकोल लागून राहिला तर पीव्हीसीतला मऊपणा निघून जातो आणि वायर कडक होऊन तडकते. पफ पॅनेल उष्णता अडवण्यात सगळ्यांत सरस, पण पेटलं तर त्याचा धूर विषारी असतो. लाकूडकाम किंवा जुळणीच्या कामाला ते ठीक. आगीच्या कामाला रॉकवूलच हवं, कारण ते दगडापासून बनतं आणि हजार अंशांपर्यंत टिकतं. बसवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच. हे मजुरांवर सोडून चालत नाही, आपणच आणून द्यावं. संध्याकाळी वूलमुळे अंग खाजवत घरी जाणारा मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

छप्पर चढायच्या आधी हा विचार झाला असेल तर काम फार सोपं होतं. पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांवर, जाळी ताणायची, तिच्यावर वूल अंथरायचं आणि वरून पत्रा. पर्लिनपाशी वूल चेपतं, तिथून थोडी उष्णता येते, ते चालवून घ्यावं. पत्रा आधीच चढला असेल तर खालून पर्लिनला चॅनेल मारून वूल बसवावं लागतं. या कामात पत्रा कापायची वेळ आली तर ग्राइंडर वापरू नये. त्याच्या चाकाने कडेचा मुलामा जळतो आणि उडालेला तांबडा कीस छपरावर चिकटून पहिल्या पावसात गंजाचे ठिपके पाडतो. पत्र्याची कात्री किंवा निब्लर वापरावा आणि काम संपल्यावर छपरावरचा कीस मऊ झाडूने झाडून काढावा.

भिंतींना एवढा थाट लागत नाही. पश्चिमेची भिंत मात्र छपरासारखीच वागवावी, कारण दुपार कलली की ऊन तिच्यावर येतं. आतून सहा किंवा आठ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड लावावा, तो जळत नाही. हत्यारं टांगायच्या भिंतीवर, ठिणग्यांपासून लांब, बारा मिलिमीटरचं प्लायवूड लावलं की कुठेही खिळा ठोकता येतो. सगळ्या भिंती आतून पांढऱ्या रंगवल्या की दिवे कमी लागतात. बोर्ड बसण्याआधी विजेचे पाइप टाकून घ्यावेत आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावावा. शेडचा सांगाडाही अर्थिंगला जोडावा, कारण इथे भिंतच लोखंडाची आहे. पन्हळीच्या टोकांना राहणाऱ्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात, नाहीतर चिमण्या आणि उंदीर त्या मऊ लोकरीत संसार थाटतात.

हवा खेळती ठेवायची तर वर टर्बो व्हेंटिलेटर आणि खाली, जमिनीपासून फूट-दीड फुटावर जाळीच्या झडपा, अशी जोडी लागते. खालून हवा आत येत नसेल तर वरचा व्हेंटिलेटर नुसता गरगर फिरतो. पावसाळ्यात या झडपा बंद ठेवाव्यात. मापाची हत्यारं लाकडी कपाटात ठेवून आत एक छोटा हीटर किंवा जुन्या पद्धतीचा बल्ब चालू ठेवावा. कपाटातली हवा पाच अंशांनी गरम झाली तरी ९० टक्के आर्द्रता ६७-६८ वर उतरते. गंजाचा जोर ६० टक्क्यांच्या वर वाढत जातो, त्यामुळे एवढ्या उतारानेही व्हर्निअरचं आयुष्य वाढतं.

पैसे कमी असतील तर सगळं एकदम करायला हवं असं नाही. या वर्षी छपराला पांढरा रंग द्यावा आणि लेथवर किंवा बेंचवर माणूस उभा राहतो तेवढ्या भागाच्या वर, चारी बाजूंनी चार-चार फूट जास्त धरून, फॉइलचं रॉकवूल बसवावं. तेवढ्यानेही दुपारचं काम सुसह्य होतं. पश्चिमेची भिंत पुढच्या वर्षी आणि उरलेलं छप्पर त्यानंतर. फक्त पहिल्याच खेपेला चॅनेल पूर्ण छपराला मारून घ्यावेत, कारण यंत्रं आत आल्यावर त्यांच्या डोक्यावर परांची उभी करून काम करणं अवघड आणि महागही पडतं.