एकाच माणसाचं दोनदा जाणं

भाडेकरू निघून जातो आणि त्याच्याबरोबर घरातली मुलगीही जाते. सगळं घर तिच्या काळजीने हादरतं. तिचा भाऊ मात्र त्या भाडेकरूसाठी आतून कोसळलेला असतो आणि घरात कुणालाच याची कल्पना नसते.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मधला हा पेच. विशीत लिहिलेली त्यांची ही कादंबरी २००६ मध्ये मौज प्रकाशनाने काढली. घर पुण्यातलं, मध्यमवर्गीय. पण ही गोष्ट भिवंडीत वाचली की जास्तच लागते. इथे यंत्रमागावरचा कामगार गावाहून येतो, खोलीच्या कोपऱ्यात पिशवी ठेवतो. दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याच जागी रातपाळीवाला आडवा होतो. मग एके दिवशी त्यातला कुणी निघून जातो आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. त्याच्या जाण्याने कुणाचं काय गेलं, हे विचारायची रीत नाही.

कुंडलकर ते विचारतात. हाती धागे मात्र फार थोडे देतात. भाडेकरूला नाव नाही, आगापीछा नाही. पहिल्या भागात भाऊ, तनय, त्याच्याशी बोलत राहतो. तो समोर नाही, तरी प्रत्येक आठवण त्यालाच सांगायची आहे. वाचक तनयच्या बाजूने होतो, त्याच्या प्रेमावर विश्वास ठेवतो. मग दुसऱ्या भागात बहिणीची, अनुजाची डायरी उघडते आणि पायाखालची जमीन सरकते. तोच माणूस, तेच घर. पण ही गोष्ट वेगळीच. पानं उलटी चाळावीशी वाटतात. तनयला तो आपला वाटत होता, तेव्हा अनुजालाही तो आपलाच वाटत होता का?

हा शोध भाडेकरूपर्यंत पोचत नाही. तो पोचतो भावाबहिणीतल्या एका फरकापर्यंत. अनुजा एकटी परत येते तेव्हा तिच्यावर रागवायला, तिची समजूत घालायला माणसं आहेत. तिचं दुःख घराला दिसतं. तनयचंही तितकंच गेलंय, त्याच माणसाबरोबर गेलंय. पण त्याला रडायलासुद्धा कारण सांगता येत नाही. दोघांच्या कहाण्या शेजारी ठेवल्या की हा अन्याय दिसतो, आणि दोन्ही वाचणाऱ्यालाच तो पुरता दिसतो.

याआधी १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं, तेव्हा मुलीवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या तरुणीची कहाणी तिचा मित्र बापू सांगत होता, आणि त्या कहाणीचा शेवट मित्राच्या मृत्यूत झाला. ते धाडसाचं नाटक होतं. पाव शतकानंतर तनय स्वतःच्या तोंडाने बोलतो. त्याला मध्यस्थ लागत नाही आणि प्रेमाची किंमत म्हणून जीव द्यावा लागत नाही. मराठी कथनातलं हे अंतर मला फार मोलाचं वाटतं.

कादंबरी आली तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो दिलासा काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. २०२२ मध्ये या कादंबरीवर कुंडलकरांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला.

कायद्याने तनयला गुन्हेगार म्हणणं थांबवलं. त्याच्या दुःखाला घरात जागा देणं मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हातात नाही. ते आईवडिलांच्या, बहिणीच्या, खोलीतल्या सोबत्याच्या हातात आहे. म्हणून ही कादंबरी भिवंडीतल्या वाचनालयात हवी, आणि ती कपाटात कुलूपबंद न राहता विशीतल्या मुलामुलींच्या हाती पडायला हवी. आपल्या मनातलं प्रेम मराठीत सांगता येतं, हे त्यांना वेळेवर कळलं पाहिजे.