त्या गोळीची दुसरी ओळख

"डॉक्टर, ही गोळी आईला? लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" मुलाने अगदी खालच्या आवाजात विचारले. बाहेर बाकावर त्याची आई भिंतीला टेकून दम घेत होती.

वय 46. त्वचा कडक होत जाण्याच्या 'स्क्लेरोडर्मा' या व्याधीमुळे तिच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. हृदयरोगतज्ज्ञांनी सिल्डेनाफिल सुरू केले होते. औषधे घेताना दुकानात कोणीतरी हसले, मुलाने मोबाईलवर नाव शोधले आणि लाजेपोटी, कोणाला न विचारता, ती गोळी बंद झाली. दहा दिवसांत पायांवर सूज आली. घराचा एक जिना चढणेही अशक्य झाले.

चूक तज्ज्ञांची नव्हती. हे औषध 'व्हायग्रा' या नावाने जगभर पोहोचले आणि त्या प्रसिद्धीत त्याची दुसरी ओळख झाकली गेली, एवढेच.

आपण दंडावर मोजतो तो सर्व शरीराचा रक्तदाब. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वेगळा असतो आणि तो पुष्कळच कमी असतो. निरोगी माणसात तो सरासरी 14 च्या आसपास असतो. 20 च्या वर गेला की तो वाढलेला समजतात. दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. त्याचा अंदाज इकोवरून येतो आणि खात्री हृदयात बारीक नळी घालून होते. हा दाब सोसण्याचे काम हृदयाच्या उजव्या जवनिकेचे असते. तिची भिंत पातळ असते. वाढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता ती जाड होते, फुगते आणि अखेर थकते. हेच उजव्या बाजूचे हृदय-अपयश. चालताना धाप लागणे, चक्कर किंवा मूर्च्छा येणे, पाय सुजणे, पोट फुगणे ही त्याची लक्षणे. 'वजन वाढलंय', 'अशक्तपणा आहे' असे म्हणत घरोघरी त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

सिल्डेनाफिलचा जन्म फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या प्रयोगशाळेत झाला, तोही हृदयशूलावर उपाय शोधताना. त्या कामी ते फारसे उपयोगी ठरले नाही. मात्र पुरुषांमधील लैंगिक दुर्बलतेवर त्याचा परिणाम दिसला आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्यासाठी मान्यता मिळाली. पुढे 2005 मध्ये फुप्फुस-धमन्यांच्या उच्च रक्तदाबासाठीही तेथे मान्यता मिळाली.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू स्रवतो. त्याच्या संदेशाने वाहिन्यांचे स्नायू सैल पडतात. हा संदेश पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते आणि ते फुप्फुसांच्या वाहिन्यांत भरपूर आढळते. सिल्डेनाफिल त्या विकराला अडवते. वाहिन्या सैलावतात, उजव्या जवनिकेवरचा भार हलका होतो आणि रुग्णाला अधिक चालता येते. व्याधी मुळापासून जात नाही. पण दिवस सुसह्य होतात. स्त्रियांना हे औषध दिले जाते आणि गरज पडल्यास तज्ज्ञ नवजात बाळांसाठीही ते वापरतात.

मात्र फुप्फुसांतील दाब वाढला म्हणजे हीच गोळी, असे समीकरण मांडू नये. हा दाब बहुतेकदा हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोषामुळे, झडपेच्या विकारामुळे किंवा जुनाट श्वसनविकारामुळे वाढतो. तेथे मूळ दोषावर उपचार करावे लागतात. डाव्या बाजूच्या विकारात हे औषध सर्रास देत नाहीत, कारण तेथे त्याचा अपेक्षित लाभ दिसून आलेला नाही. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घेण्याची ही गोळी नव्हे.

एक गोष्ट घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटयुक्त गोळी आणि सिल्डेनाफिल यांची गाठ कधीही पडू देऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका खाली आणतात की जीव धोक्यात येतो. कळ आल्यास रुग्णालय गाठावे आणि 'ही गोळी चालू आहे' हे सर्वांत आधी सांगावे. काही प्रतिजैविके व बुरशीविरोधी औषधेही तिचा प्रभाव वाढवतात. डोकेदुखी, चेहरा लाल होणे, अपचन हे त्रास नेहमीचे आहेत. पण अचानक दिसेनासे किंवा ऐकू येईनासे झाले, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. प्रौढांना सामान्यतः 20 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा देतात. मात्रा तज्ज्ञच ठरवतात आणि ती मनाने बंद करायची नसते.

मी मुलाला हे सारे समजावले. मग आईला आत बोलावून तिलाही सांगितले, कारण औषध तिचे होते आणि विचारायला हवे होते ते तिलाच. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "हसू देत त्यांना. मला जिना चढायचाय." त्याच दुपारी तिला तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी तपासून गोळी पुन्हा सुरू केली आणि सूज उतरवण्याचे औषधही जोडले. महिन्याभराने ती दवाखान्यात आली, तेव्हा बाकावर न थांबता सरळ आत आली.