मीठ कमी करा, पण आधी विचारा

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी सांगितलं, "सासूबाईंना बीपी निघालं, म्हणून त्यांना पार अळणी जेवण सुरू केलं." थोड्याच दिवसांत आजींना चक्कर येऊ लागली, त्या असंबद्ध बोलू लागल्या. दवाखान्यात तपासलं तर रक्तातलं सोडियम फार उतरलेलं. त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. तीही शरीरातलं मीठ बाहेर टाकते.

मीठ कमी करणं चांगलंच. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा भरू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, खारवड्या, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. पण पुढच्या जणींनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

किडनीचा आजार असेल तर "कमी सोडियम"चं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. अधू किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठीही हे मीठ सुचवलेलं नाही.

मानसिक आजारासाठी लिथियमची गोळी चालू असेल, तर मीठ अचानक तोडल्यास औषध अंगात साठून विषबाधा होऊ शकते.

गरोदरपणी पायाला सूज आली म्हणून मीठ बंद करू नका, उपकेंद्रात जाऊन बीपी आणि लघवी तपासून घ्या. नुसतं सैंधवही नको. त्यात बहुधा पुरेसं आयोडीन नसतं, आणि बाळाच्या मेंदूसाठी ते लागतं.

आपल्या पाथर्डी-शेवगावच्या बाया ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात कांदा काढतात. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. अशा दिवसांत एकदम अळणी खाऊ नका. जुलाब लागले तर बीपी असलं तरी जलसंजीवनी टाळू नका. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर लगेच दवाखाना गाठा.

आता एक काम करा. घरात कोणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्याची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटं पुढच्या बैठकीला घेऊन या. आशाताईंना दाखवू, त्यांच्याबरोबर डॉक्टरांना विचारू. मग मिठाचा डबा खुशाल वरच्या फळीवर ठेवू.